दोनशे फुटांखालचं काम

शेतीपंपाची जळालेली मोटार नव्या तारेने भरून देणं हा आप्पांचा धंदा. अशी मोटार ओट्यावर उतरली की आप्पा आधी काही विचारत नसत. शेतकरी सांगत राहायचा, "आप्पा, रातले चालू व्हती, सकायले बंद." आप्पा नुसतं हं म्हणून नट सोडवायला घ्यायचे. स्टेटर, म्हणजे वेटोळी बसवलेला मोटारीचा न फिरणारा भाग, मोकळा झाला की तो उजेडाकडे धरायचे आणि आतल्या वेटोळ्यांवर नजर फिरवायचे. काळं कुठे आहे आणि कुठे नाही, एवढ्यावरून त्यांना रात्रीची हकिगत कळायची. विजेच्या तीन फेजांची वेटोळी वेगवेगळी असतात. त्यांतले दोन फेज काळे आणि एक ताजा, तर मोटार स्टारमध्ये (तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेली होती आणि एक फ्यूज उडाल्यावरही उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहिली. डेल्टाची (टोकाला टोक लावून त्रिकोण केलेली) जोडणी असेल तर उलट: एक फेज कोळसा, दोन शाबूत. सगळी वेटोळी सारखीच करपलेली, तर व्होल्टेज पडलेलं, नाहीतर पंप वाळूने जाम झालेला. एकाच जागी नखाएवढा डाग आणि बाकी तार लखलखीत, तर वेढ्याला वेढा लागला. म्हणजे भरताना तार कुठेतरी खरवडली गेली होती. तार बसते त्या खाचेच्या तोंडाशी जळालं असेल तर खाचेतला वीज अडवणारा कागद फाटला होता.

शेवटच्या दोन प्रकारांत दोष भरणाऱ्याचा. मोटार आप्पांच्याच दुकानात भरलेली असली की ते पैसे घेत नसत. गॅरंटी वर्षाची होती, पण वर्ष उलटून गेलं म्हणून त्यांनी कधी हात झटकले नाहीत. पहिल्या प्रकारात मात्र एक प्रश्न ठरलेला असायचा: "कंडेन्सर लावला होता?" समोरचा गप्प राहिला की उत्तर मिळालं. तीन फेजची वीज बंद असताना उरलेल्या दोन फेजवर कंडेन्सर लावून खोटा तिसरा फेज उभा करायचा आणि मोटार चालवायची, ही युक्ती खानदेशातल्या प्रत्येक शिवारात आहे. मोटार सुरू होते, पाणीही येतं. पण तिन्ही वेटोळ्यांतला करंट सारखा राहत नाही, आणि ज्यातून जास्त जातो ते शिजत राहतं. आप्पा रागावत नसत. तीन फेजची वीज दिवसाचे आठ तास, तीही आलटून पालटून कधी दिवसा कधी रात्री, आणि वर वैशाख. त्या माणसाने दुसरं काय करावं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

चोपडा तालुक्यातलं हे गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, मधे केळी आणि कापूस. आप्पा पोरवयात जळगावला एका वायंडरच्या हाताखाली शिकले आणि १९८० च्या आगेमागे गावी परतून घराच्या ओट्यावर दुकान मांडलं. तेव्हा कामं विहिरीवरच्या मोनोब्लॉकची, म्हणजे पंप आणि मोटार एकाच अंगात असलेल्या यंत्रांची. पुढे पाणी खाली गेलं, विहिरीत आडवे-उभे बोअर झाले, मग विहिरी सोडून सरळ ट्यूबवेल आल्या आणि ओट्यावर पाणबुडी मोटारींची रांग लागली. या पट्ट्यात मोटार बंद पडणं म्हणजे काय, हे आकड्यांत सांगता येतं. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरभर केळीत १,७४२ झाडं बसतात. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला सुमारे २० लिटर पाणी धरलं तर एकराला ३५ हजार लिटर झालं. पारा ४४-४५ अंशांवर असताना ते तीन दिवस मिळालं नाही, तर निसवलेल्या बागेत घड भरायचे थांबतात, पानं कडेने करपतात आणि माना मोडून घड लोंबू लागतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सत्कार बागायतदारांचे झाले. ते योग्यच होतं. पण ती बाग जगवणारी एक फळी ओट्यावर मांडी घालून तार ओवत बसलेली होती, आणि तिचं काम दोनशे फूट खाली, पाण्यात, कुणाला दिसत नव्हतं.

घर आणि दुकान यांच्या मधे एक पडदा होता, तोही उन्हापुरता. पुढे ओटा, ओट्यामागची खोली म्हणजे तार आणि कागदाचा साठा, त्यामागे चूल. आक्का, म्हणजे आप्पांची बायको, स्वयंपाक आटोपला की खाचांत घालायचे कागद कापायला बसायची. हे काम वरून सोपं दिसतं. कागद खाचेपेक्षा दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जास्त लागतो आणि त्या जादा भागाची बाहेरच्या अंगाने घडी घालावी लागते, म्हणजे खाचेच्या धारेवर तार घासत नाही. घडी नसेल तर मोटारीच्या प्रत्येक थरथरीबरोबर कागद थोडा थोडा सरकतो आणि एक दिवस तार लोखंडाला टेकते. आक्काच्या घड्या इतक्या सारख्या असायच्या की कारागीर पोरं मापाला तिचाच कागद घेत. बांबूच्या पाचरीही तीच तासायची. जुना, पूर्ण वाळलेला बांबू घ्यायचा, कारण ओली पाचर वाळली की बारीक होते, सैल पडते आणि खाचेतल्या तारा हलू लागतात.

मुलं तीन. दोन मुली, मग मुलगा. तार गुंडाळायचं हातयंत्र होतं, त्याचा आकडे मोजणारा काटा केव्हाच मोडला होता आणि आप्पांनी तो दुरुस्त केला नाही. ते दांडा फिरवायचे आणि समोर बसलेली मुलगी दर दहा वेढ्यांना मोठ्याने आकडा म्हणायची. काटा जाणूनबुजून तसाच ठेवला असावा, असं आक्काचं मत. मुली शाळेत जायच्या आधी शंभरापर्यंत पोचल्या त्या अशा. मोठीचं अक्षर चांगलं म्हणून प्रत्येक मोटारीची माहिती लिहायची वही तिच्याकडे. या मोजण्या-लिहिण्याचे पैसे आप्पा मुलींना देत, आणि ते हातात न देता पोस्टातल्या खात्यात भरत. बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी त्यांनी दुकानाचं वेळापत्रकच फिरवलं होतं. जुनी तार काढायची ठोकाठोक सकाळी साडेदहा ते पाच, मुलगी शाळेत असेपर्यंत. संध्याकाळी फक्त ओवणं, बांधणं, असं बिनआवाजाचं काम. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की सांगायचे, "पोरगी वाचतेय, छिन्नी आता वाजणार नाही."

जुनी तार काढणं हा या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त फसवणुकीचा भाग. सोपा मार्ग असा: स्टेटर सरळ गोवऱ्यांच्या जाळात टाकायचा, वार्निश जळून जातं, तार सहज निघते. बरीच दुकानं तेच करतात. पण स्टेटरचं लोखंड एकसंध नसतं, पातळ पत्र्यांची थप्पी असते, आणि प्रत्येक पत्र्यावर विजेला अडवणारा अगदी पातळ लेप असतो. उघड्या जाळात तो लेप जळतो. मग पत्र्या-पत्र्यांतून करंट फिरू लागतो आणि मोटार नवी भरली तरी रिकामी चालतानाही तापते. अशी मोटार वर्षाला एकदा जळते आणि शेतकरी दोष तारेला देत बसतो. आप्पा एका बाजूची वेटोळी छिन्नीने तोडून टाकत, स्टेटर भट्टीत बेताने तापवत, वार्निश मऊ झालं की दुसऱ्या बाजूने पकडीने झुबका ओढत. वेळ तिप्पट लागतो.

तोडण्याआधी मोजणी. खाचा किती, एका वेटोळ्यात वेढे किती, तारेचा नंबर काय (नंबर मोठा तितकी तार बारीक), एकेरी की दुहेरी, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत, जोडणी कशी. पाणबुडी मोटारीत बहुतेक वेळा २४ खाचा आणि दोन पोल, म्हणजे चुंबकाचे ध्रुव. एका फेजला वेटोळ्यांचे दोन गट, गटात दोन वेटोळी: बाहेरचं १ ते १२, आतलं २ ते ११. दुसरा गट समोर, १३ ते २४ आणि १४ ते २३. दोन गट जोडताना शेवटाला शेवट. इथे शेवटाला सुरुवात जोडली तर मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि अँपिअर चढत जातो. तिन्ही फेजच्या सुरुवाती १, ९ आणि १७ या खाचांत. शिकाऊ पोराला आप्पा हे कागदावर न देता २४ दाण्यांचं रिंगण करून बसवून घेत, हरभऱ्याचे दाणे आणि तीन रंगांचे दोरे. चुकलं की दोऱ्यांचा गुंता होतो आणि चूक कुठे झाली ते पोराला आपोआप दिसतं.

मोनोब्लॉकची तार फर्म्यावर गुंडाळून आयती खाचेत बसवता येते. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटारीत ते जमत नाही. तिच्या तारेवर प्लास्टिकचं जाड आवरण असतं, खाचेचं तोंड अरुंद असतं, त्यामुळे एकेक वेढा शिवणासारखा ओवावा लागतो. खाचेत आधी तारेच्याच जाडीच्या गुळगुळीत सळया भरून ठेवायच्या आणि एक सळई काढली की त्या जागी तार ओढायची, म्हणजे वेढे एकमेकांवर चढत नाहीत. दोन माणसं लागतात: एक ओवणारा, दुसरा पलीकडून ओढणारा. ओढणाऱ्याने झटका दिला की आवरणाला डोळ्याला न दिसणारी चीर जाते. हीच ती नखाएवढ्या डागाची सुरुवात. म्हणून भरणी झाल्यावर स्टेटर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरण वीज किती अडवतं ते मोजणारं यंत्र, लावायचा, एक टोक तारेला, एक पाण्याला. १ मेगओहमच्या खाली वाचन आलं तर मोटार सोडायची नाही, हा सर्वसाधारण नियम. आप्पांचा हट्ट असा की नव्या भरणीत काटा अनंतावरच टेकला पाहिजे. मधे कुठे थांबला तर पूर्ण फेज उपसून पुन्हा. शेतकरी म्हणायचा, "आप्पा, चाली जाई." आप्पा म्हणायचे, "चालेल की. श्रावणापर्यंत."

मोनोब्लॉकला वार्निश लागतं आणि तिथेही घाई नडते. मे महिन्याचं ऊन आहे, वाळेल बाहेरच, असं म्हणणारे पुष्कळ. उन्हात वरची साय वाळते, आत वार्निश ओलंच राहतं. आप्पांनी पत्र्याच्या जुन्या पिंपात हीटर बसवून भट्टी केली होती. आधी कोरा स्टेटर तापवून दमटपणा घालवायचा, कोमट असताना वार्निशमध्ये बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत तसाच ठेवायचा, निथळवायचा आणि मग भट्टीत सात-आठ तास.

तारेच्या नंबरावरून त्यांचा एकदा तालुक्यातल्या एका दुकानदाराशी कायमचा अबोला झाला. १८ नंबरची तार बाजारात नाही म्हणून २१ च्या दोन जोडून भरल्या की झालं, असं तो पोरांना शिकवत होता. हिशोब केला तर १८ नंबरचं तांबं १.१७ चौरस मिलिमीटर, २१ च्या दोन तारांचं मिळून १.०४. म्हणजे नववा हिस्सा तांबं कमी. तेवढी तार जास्त तापणार आणि ती तापल्याचं कुणाला कळणारही नाही, कारण मोटार दोनशे फूट खाली. २० च्या दोन घेतल्या तर १.३१ होतं, पण त्या खाचेत मावल्या पाहिजेत. मावत नसतील तर दोन दिवस थांबून १८ चीच आणायची. जुन्या तांब्याबाबतही असंच. ते गिऱ्हाइकाचं. आप्पा त्याच्यासमोर काट्यावर घालत आणि बिलातून वजा करत. कित्येक दुकानांत ते परस्पर भंगारात जातं आणि कुणी विचारत नाही.

एका बाबतीत मात्र आप्पा बदलले, आणि तेच मला त्यांच्या कारागिरीचं खरं माप वाटतं. लोडशेडिंगच्या वर्षांत दुपारचं व्होल्टेज ३३० वर यायचं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ४१५ ला जो जोर असतो त्याचा ३३० ला ६३ टक्केच उरतो. पंप उचलत नाही, अँपिअर चढतो, मोटार जळते. तेव्हा लोक मागू लागले ते लो व्होल्टेजचं वायंडिंग: वेटोळ्यात ३० ऐवजी २६ वेढे घालायचे, म्हणजे मोटार ३६० व्होल्टला बेतली जाते, जागा वाचते म्हणून तार थोडी जाड बसते, आणि मोटार दुपारी छान उचलते. आप्पांनी सुरुवातीला दिलं तसं. पुढच्या उन्हाळ्यात वहीत एक गोष्ट दिसली. या मोटारी परत येत होत्या, सगळ्या वेटोळ्यांनी करपून, आणि सगळ्या रात्रपाळीच्या आठवड्यात. रात्री गावाचा भार उतरला की व्होल्टेज ४४० वर जायचं. ३६० ला बेतलेल्या मोटारीचं लोखंड तिथे चुंबकत्वाने गच्च भरतं आणि पाणी उपसायच्या आधीच ती नुसत्या फिरण्याने तापते. तेव्हापासून ते लो व्होल्टेजची मोटार भरायच्या आधी तीन गोष्टी विचारत: शेत कुठल्या डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर), डीपीपासून खांब किती, आणि रात्री मोटार कोण चालवतं. उत्तर "ऑटोवर टाकतो" असं आलं की मूळच्या वेढ्यांनीच भरून देत.

ऑटो स्विचवर त्यांचा विशेष राग. लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारी ही डबी रात्री शेतात जाणं वाचवते, साप-विंचवाचं भय वाचवते, हे खरं. पण १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या वीसेक मोटारी असतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. सगळ्या एकाच क्षणी उठल्या की व्होल्टेज कोसळतं, कुठलीच नीट फिरत नाही आणि डीपीचा फ्यूज तरी जातो नाहीतर डीपीच. मग आठ-दहा दिवस सगळं शिवार कोरडं. आप्पांचा उपाय साधा होता: ऑटो लावायचाच तर त्याला वेळ लांबवणारा टायमर जोडा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेळा वाटून घ्या, कुणी २ मिनिटं, कुणी ४. वेळा वाटून घेणं मोटार भरण्याहून अवघड निघालं. दोन-तीन डीप्यांवर जमलं, बाकी ठिकाणी भाऊबंदकी आडवी आली.

भरलेली मोटार देताना ते सोडणाऱ्या पोरांना ओट्यावरच सगळं सांगून पाठवत. आधी मोटारीत स्वच्छ पाणी काठोकाठ भरा, हवेचे बुडबुडे संपेपर्यंत. कोरडी सोडली तर खालचं कार्बनचं बेअरिंग पहिल्याच मिनिटात तडकतं. केबलचा जोड आधी रबरी टेपने, ताणून, मग वरून प्लास्टिकची टेप. जोड बादलीत बुडवून मेगर लावा, मगच खाली. तळापासून १०-१५ फूट वर ठेवा, गाळात रुतलेल्या मोटारीभोवती पाणी फिरत नाही आणि ती गार होत नाही. पाणी कमी आलं तर दोन फेज अदलाबदल करून बघा, उलटी फिरत असेल. आणि टोंग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या चिमट्याने, तिन्ही तारा मोजा: एचपीला दीड ते पावणेदोन अँपिअर, तिन्हींत सारखा.

या सगळ्या धंद्याचा ऐन हंगाम चैत्र-वैशाख. आणि वैशाखातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात लेकी माहेरी येतात त्या आखाजीला. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांसाठी घागर भरून तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं. दिवाळीला न आलेली मुलगीही आखाजीला येते. वर्षातल्या सर्वांत जास्त मोटारी याच आठवड्यात जळतात. आप्पांचं दुकान आखाजीचे तीन दिवस बंद असायचं. मुली लहान होत्या तेव्हाही आणि सासरी गेल्यावरही. आदल्या आठवड्यात ते रात्री दोनपर्यंत बसून हातातल्या मोटारी उरकत, नवी घेत नसत. दारात कुणी आलंच तर "पोरी येल शेतस" (पोरी आल्या आहेत) एवढं उत्तर, आणि चोपड्यातल्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता. रागावून गेलेली गिऱ्हाइकं होती. त्यांतली काही परत आली नाहीत, आणि त्या नुकसानीबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही.

आखाजीचा खर्च कुठून यायचा, तेही सांगण्यासारखं आहे. नव्या तारेची कापलेली टोकं, बोटभर, वीतभर, ही दुकानाची. ती वर्षभर तेलाच्या रिकाम्या डब्यात पडत. चैत्रात डबा भंगारवाल्याकडे जायचा आणि येईल त्या रकमेत मुलींच्या साड्या, बांगड्या, आमरसाचे आंबे, खापरावरच्या पुरणपोळीचा गहू-गूळ बसवायचा. डबा हलका निघाला त्या वर्षी आप्पांना वाईट वाटायचं आणि शिकाऊ पोरं खूष व्हायची, कारण तार कमी वाया गेली म्हणजे हात बसला.

आप्पा गेले ते भर पावसाळ्यात, दुकानात दोनच मोटारी होत्या तेव्हा. दहाव्याला नदीवर जमलेले लोक त्यांच्याविषयी बोलत होते ते वर्षांच्या हिशोबात: माझी सात वर्षं झाली, माझी अकरा, भावाची तर काढलीच नाही अजून.

मुलगा आयटीआयला वायरमनचा कोर्स करून दुकानात बसतो. वह्या त्याच्याकडे आहेत, मोठ्या बहिणीच्या अक्षरातल्या. एका पानावर एचपी, खाचा, वेढे, नंबर, बोअरची खोली. त्याच पानाच्या समासात किराणा, फी, आईचं औषध. एखाद्या मोडक्या पाटीच्या मोटारीची माहिती कुठेच मिळत नाही, तेव्हा ती या वह्यांत सापडते. नव्या सौर पंपांना मात्र त्यांचा उपयोग नाही. त्या मोटारी हमीच्या मुदतीत कंपनीकडेच परत जातात, आणि मुदत संपल्यावर त्या कोण आणि कशा भरणार, हे अजून गावात कुणी करून बघितलेलं नाही. मुलाने मोजणीचा काटा दुरुस्त करून घेतला आहे, भट्टीला तापमापक बसवला आहे आणि पैसे फोनवर घेतो. आखाजीचे तीन दिवस दुकान बंदच असतं. बहिणी येतात. दारात आलेल्याला तो चोपड्यातल्या दोन दुकानांचे नंबर देतो. दोन्ही आप्पांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची आहेत, आणि स्टेटर जाळात टाकत नाहीत.